खाण, परवानगी आणि गावाचं पाणी: वाचकांचे प्रश्न

वर्धा खोऱ्यातल्या कोळसा खाणींचा विस्तार, त्यासाठी लागणाऱ्या परवानग्यांचा आढावा आणि त्यातून गावाच्या विहिरी-नाल्यांचं काय होतं, याबद्दलचे निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरं प्रामुख्याने खुल्या खाणींना धरून आहेत.

प्रश्न: आमच्या शेजारच्या खाणीला उत्पादन वाढवायचं आहे. जनसुनावणीची नोटीस निघाली. ग्रामपंचायतीत जो अहवाल आलाय तो सहाशे पानांचा, इंग्रजी. हातात तीन आठवडे आहेत. पाण्यापुरतं नेमकं काय वाचायचं? (वाचक, वणी तालुका)

आधी मराठी सारांश मागून घ्या. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे मसुदा अहवाल आणि त्याचा सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत आणि जिल्हा उद्योग केंद्र इथे लोकांना पाहायला ठेवावा लागतो, आणि सारांश स्थानिक भाषेतही असावा लागतो. नोटीस आणि सुनावणी यांत किमान ३० दिवस हवेत. सारांश नसेल किंवा मुदत कमी भरत असेल, तर तो आक्षेप सुनावणीआधीच जिल्हाधिकारी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी द्या. सुनावणी उरकल्यावर त्या आक्षेपाची धार जाते.

मात्र सारांश वाचून थांबू नका. पाण्याचे आकडे मूळ अहवालातच असतात आणि त्यासाठी इंग्रजी फारसं लागत नाही, कारण ते तक्त्यांत आहेत. पाण्याशी संबंधित सगळे तक्ते आणि नकाशे वेगळे काढले, तर सहाशे पानांतलं तीस-चाळीस पानांचंच काम उरतं.

पहिला तक्ता विहिरींचा. खाणीच्या हद्दीत आणि भोवतालच्या १० किलोमीटरमध्ये कोणत्या विहिरी मोजल्या, त्यांचे अक्षांश-रेखांश, पाण्याची खोली आणि महिना. फोनवर ते अक्षांश-रेखांश टाकून प्रत्यक्ष त्या जागी जा. तिथे विहीर आहे का? खाणीच्या सगळ्यांत जवळच्या गावातली एक तरी विहीर यादीत आहे का? बऱ्याचदा यादीतल्या विहिरी दूरच्या असतात आणि ज्या पहिल्यांदा आटणार त्याच सुटलेल्या असतात. शिवाय या अहवालासाठी साधारण एकाच बिगरपावसाळी हंगामाची प्रत्यक्ष माहिती गोळा केलेली असते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम घेतला असेल तर त्यात मे महिन्याची पातळी नाही, म्हणजे टंचाईच्या दिवसांचं चित्रच नाही. ‘मे महिन्याची पातळी कुठल्या पानावर आहे?’ हा प्रश्न साधा दिसतो, पण तो टाळता येत नाही.

दुसरा तक्ता पाण्याच्या ताळेबंदाचा: खाणीत किती पाणी येणार, किती उपसणार, कुठे वापरणार, उरलेलं कुठे सोडणार. इथे सरासरी फसवते. समजा खड्ड्याकडे उतार असलेलं क्षेत्र १०० हेक्टर आहे, वर्षाचा पाऊस ११०० मिलिमीटर, आणि त्यातला ६० टक्के खड्ड्यात उतरतो. वर्षाचे ६ लाख ६० हजार घनमीटर झाले. ३६५ ने भागलं की रोजचे सुमारे १८०० घनमीटर दिसतात, आणि रस्त्यावर पाणी मारणं, झाडं, वर्कशॉप यांत ते सहज जिरतात असं कागदावर दाखवता येतं. पण विदर्भात वर्षाचा सुमारे ८५ टक्के पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. त्या १२२ दिवसांवर वाटणी केली की रोजचे साडेचार हजारांहून जास्त घनमीटर होतात. आणि त्याच दिवसांत रस्त्यावर पाणी मारायची गरज नसते, शेतकऱ्यालाही ते नको असतं. म्हणजे ते नाल्यात जाणार. ‘नाल्यात पाणी सोडणार नाही’ असं अहवालात लिहिलं असेल, तर जुलै-ऑगस्टचा महिनावार ताळेबंद मागा.

तिसरी गोष्ट, उपशाचा प्रभाव किती दूर जाईल याचं गणित. बहुतेक अहवालांत एक जुनं ढोबळ सूत्र असतं: ३००० गुणिले पातळीतली घट मीटरमध्ये, गुणिले खडकाच्या झिरपक्षमतेचं वर्गमूळ, जिथे झिरपक्षमता मीटर प्रति सेकंदात धरतात. पातळी ५० मीटर खाली नेली आणि झिरपक्षमता एक लाखांश मीटर प्रति सेकंद धरली, तर उत्तर सुमारे ४७५ मीटर येतं. तीच दहापट कमी धरली की उत्तर १५० मीटर, आणि दहापट जास्त धरली की दीड किलोमीटर. म्हणजे गाव प्रभावक्षेत्रात की बाहेर, हे एका आकड्यावर ठरतं. तो आकडा याच जागेवर पंपिंग चाचणी करून काढला की पुस्तकातून उचलला, हे विचाराच. आपल्याकडे कोळशाच्या बराकार थरांवर अनेक ठिकाणी कामठी वालुकाश्म आहे आणि तो पाणी चांगलं धरतो नि वाहू देतो, म्हणून हा प्रश्न इथे जास्तच महत्त्वाचा. त्यात भ्रंश (खडकाचे थर तुटून सरकल्याची भेग) असेल तर हे सूत्र कोलमडतं. भ्रंश कधी पाणी अडवतो, कधी दूरचं पाणी थेट खड्ड्यात आणतो.

सुनावणीत बोलताना पान आणि तक्त्याचा क्रमांक सांगून बोला, आणि तेच लेखी द्या. लेखी म्हणणं देण्यासाठी हजर असणं बंधनकारक नाही. सुनावणीचं चित्रीकरण होतं, आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं. तुमचा मुद्दा त्यात आला नसेल तर तिथेच उभं राहून सांगा. कंपनीला अंतिम अहवालात मुद्द्यांना उत्तर द्यावं लागतं. ‘आमचं पाणी जाईल’ याला ‘काळजी घेतली जाईल’ एवढं उत्तर पुरतं. ‘तक्ता अमुकमध्ये आमच्या गावाची एकही विहीर नाही’ याला पुरत नाही.

प्रश्न: पर्यावरण मंजुरी मिळाली की खाणीला सगळी मोकळीक मिळते का? आमच्याकडे सगळे तसंच समजतात. (वाचक, राजुरा)

नाही. पाण्याच्या बाबतीत निदान चार कागद वेगवेगळे असतात. केंद्राची किंवा राज्य प्राधिकरणाची पर्यावरण मंजुरी हा पहिला. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २५ खालची प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हा दुसरा: पूर्वी आधी उभारणीची आणि मग चालवण्याची लागायची, नोव्हेंबर २०२४ पासून पर्यावरण मंजुरी असलेल्यांना उभारणीची वेगळी घ्यावी लागत नाही. चालवण्याच्या संमतीपत्रात रोज किती सांडपाणी, कोणत्या दर्जाचं, कुठे सोडायचं हे लिहिलेलं असतं आणि त्याला मुदत असते. तिसरा, खाणीतून भूजल उपसण्यासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाचं ना हरकत प्रमाणपत्र. २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उपशावर डिजिटल मीटर आणि पातळी मोजायला निरीक्षण विंधन विहिरी लागतात. चौथा कागद खाण आराखडा आणि खाण बंद करण्याचा आराखडा. वनजमीन असेल तर तिची परवानगी आणखी निराळी.

या कागदांतले उपशाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणं हे आढाव्यातलं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कामाचं काम आहे. मंजुरीत एक आकडा, भूजल प्रमाणपत्रात दुसरा आणि संमतीपत्रात तिसरा असला, तर त्यातला एकच खरा असू शकतो.

पर्यावरण मंजुरीला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात आव्हान द्यायचं तर मुदत ३० दिवसांची आहे. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. त्यापुढे दार बंद. महाराष्ट्रासाठी पुण्याचं पश्चिम विभागीय खंडपीठ आहे. मंजुरीचं पत्र केंद्राच्या ‘परिवेश’ या मंजुऱ्यांच्या संकेतस्थळावर येतं, तिथे लक्ष ठेवा.

प्रश्न: माझी ४५ फुटांची विहीर आधी मे महिन्यातही साथ द्यायची. तीन वर्षांपासून फेब्रुवारीतच तळ दिसतो. खाणवाले म्हणतात पाऊस कमी झाला, बोअर वाढले. हे खाणीमुळेच झालं हे कसं दाखवायचं? (शेतकरी वाचक, घुग्घुस परिसर)

त्यांचं म्हणणं आधी तपासून घ्या, कारण पुढे कोणीही तेच विचारणार. पाऊस आणि बोअर ही दोन्ही कारणं खरी असू शकतात. फरक ओळखण्याच्या खुणा मात्र आहेत. पाऊस कमी झाला की मेची पातळी खाली जाते, पण चांगल्या पावसानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विहीर पुन्हा भरते. खाणीचा उपसा बारमाही असतो, म्हणून त्यात पावसाळ्यानंतरची पातळीही दरवर्षी खाली सरकते. दुसरी खूण दिशेची. खड्ड्याच्या जवळच्या विहिरींत घट जास्त, लांब जाल तशी कमी. बोअरमुळे झालेली घट अशी एका बाजूला झुकलेली नसते; ती बागायतीच्या पट्ट्यात पसरलेली असते. तिसरी खूण क्वचित मिळते, पण मिळाली तर फार मोलाची: संप, पूर किंवा बिघाडामुळे खाणीचे पंप काही आठवडे बंद राहिले आणि त्या काळात विहिरीचं पाणी वर आलं.

या सगळ्याला नोंदी लागतात. एकट्याच्या विहिरीवर भागणार नाही. खाणीपासून वेगवेगळ्या अंतरावरच्या पाच-सहा विहिरी घ्या, आणि एक तुलनेची विहीर पाच-सहा किलोमीटर दूर, तशाच खडकातली, खाणीच्या प्रभावाबाहेरची. शक्यतो वापरात नसलेल्या विहिरी निवडा. मोजमाप पहाटे, मोटर लावायच्या आधी. आदल्या संध्याकाळपासून मोटर बंद हवी. कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि नेहमी तिथूनच टेप सोडा. टेपच्या टोकाला वजन, आणि शेवटच्या मीटरला खडू चोळा, म्हणजे ओल कुठपर्यंत आली ते नेमकं दिसतं. टेप ९.४० मीटर दाखवत असेल आणि कठडा जमिनीपासून ०.७५ मीटर उंच असेल, तर नोंद ८.६५ मीटरची. कठड्याची उंची वजा करायचं विसरलं की पुढची सगळी तुलना बिघडते. एकाने वजा केली आणि दुसऱ्याने नाही, तर पाऊण मीटरची ‘घट’ आपोआप तयार होते आणि समोरचा वकील नेमकी तीच पकडतो.

मोजमाप दर महिन्याला जमलं तर उत्तम. न जमल्यास जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर हे चार महिने चुकवू नका. कोळसा खाणींच्या मंजुऱ्यांत कंपनीनेही याच चार वेळी पातळी आणि दर्जा मोजावा अशी अट सहसा असते, त्यामुळे तुमची वही आणि त्यांचा तक्ता शेजारी-शेजारी ठेवता येतो. नोंदवहीवर दर वेळी ग्रामसेवकाची सही-शिक्का आणि महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी जिल्हा कार्यालयात मिळतात. खाण सुरू होण्याआधीच्या काळाचा पुरावा बहुतेकदा तेवढाच उरलेला असतो. ज्या गावांजवळ खाण अजून यायची आहे, त्यांनी वही आजच सुरू करावी. खड्डा खोल गेल्यावर आधीची पातळी कोणत्याही पैशाने मोजून मिळत नाही.

आता मागणी काय करायची? मंजुरीचं पत्र उघडा. खाणीच्या उपशामुळे गावच्या विहिरी आटल्या तर कंपनीने गावाची पाण्याची गरज भागवावी, आणि पातळी घटत असेल तर पुनर्भरणाची कामं करावीत, अशा अटी कोळसा खाणींच्या पत्रांत नेहमी आढळतात. अटीचा क्रमांक लिहून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. भरपाईसाठी हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १५ खाली दावा करण्याची मुदत, भरपाई मागण्याचं कारण पहिल्यांदा उद्भवल्यापासून पाच वर्षं आहे. तुमची तीन गेली आहेत.

प्रश्न: दर पावसाळ्यात खाणीखालचा नाला राखाडी-काळा होतो. तक्रार केली की प्रयोगशाळेचा अहवाल दाखवतात, सगळं मर्यादेत. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की कागदावर? (वाचक, चंद्रपूर जिल्हा)

दोन्ही खरे असू शकतात, कारण दोन्ही वेगवेगळ्या दिवसांचे असतात. कोळसा खाणींच्या सांडपाण्याच्या मर्यादा २००० सालच्या अधिसूचनेने ठरवल्या आहेत: पीएच ५.५ ते ९, तरंगता गाळ लिटरमागे १०० मिलिग्रॅम (सिंचनासाठी जमिनीवर सोडायचं असेल तर २००), तेल-ग्रीस १० मिलिग्रॅम. कोरड्या आठवड्यात, गाळ बसवण्याच्या तळ्याच्या मुखाशी घेतलेला नमुना यात सहज बसतो. नाला ज्या दिवशी काळा होतो त्या दिवशी नमुना घ्यायला तिथे कोणी नसतं.

त्या दिवशी काय बिघडतं, हे समजून घेतलं तर तक्रार नेमकी करता येते. १०० हेक्टरच्या खड्ड्यात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला की एक लाख घनमीटर पाणी तळाच्या संपमध्ये, म्हणजे पाणी गोळा करण्याच्या खड्ड्यात, उतरतं. खाणीकडे तासाला २५० घनमीटरचे चार पंप असतील आणि ते दिवसाला २० तास चालले, तर रोज २० हजार घनमीटर उपसलं जातं. पाच दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी पुन्हा जोराचा पाऊस आला की कोळशाचा थर पाण्याखाली, उत्पादन बंद. मग पंपाचं तोंड तळाच्या गाळात खाली सोडलं जातं, आणि तळ्यात न नेता पाइप सरळ नाल्याकडे वळवला जातो. म्हणूनच मंजुरीत संप आणि भोवतालचं पाणी अडवून नेणाऱ्या गारलँड नाल्या अचानक येणाऱ्या कमाल पावसापेक्षा ५० टक्के जास्त क्षमतेच्या असाव्यात अशी अट घालतात. ही अट ‘पाळली’ असं कंपनीच्या सहामाही अहवालात एका शब्दात लिहिलेलं असतं. कोणता पाऊस धरून क्षमता काढली, ते लिहिलेलं नसतं. तेच मागा.

नालीचं गणित हाताने करता येतं. वाहून जाणारा वाटा गुणिले पाऊस मिलिमीटर प्रति तास गुणिले क्षेत्र हेक्टरमध्ये, भागिले ३६०. माती-दगडाच्या ४० हेक्टरच्या ढिगाऱ्यावर तासाला ६० मिलिमीटर पाऊस आणि ०.६ वाटा धरला, तर सेकंदाला ४ घनमीटर. ५० टक्के जादा धरून ६. ढिगाऱ्याच्या पायथ्याची नाली मीटरभर रुंद, मीटरभर खोल आणि अर्धी गाळाने भरलेली असेल, तर ती ओसंडणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. नाल्या आणि तळी मे संपायच्या आत उपसली का, याची तारखेसह छायाचित्रं जूनच्या पहिल्या आठवड्यातच घेऊन ठेवा.

तळ्याबद्दल. दहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे बारीक पोयट्याचा कण स्थिर पाण्यात तासाला सुमारे ३२ सेंटिमीटर खाली बसतो. तासाला १००० घनमीटर पाणी येत असेल तर तो कण पकडायला तळ्याचं पृष्ठफळ निदान ३१०० चौरस मीटर हवं, आणि वारा-खळबळ धरून त्याच्या दुप्पट. खोलीने हा प्रश्न सुटत नाही, पसरटपणाने सुटतो. खोली लागते ती गाळ साठवायला. पाण्यात लिटरमागे पाच ग्रॅम गाळ असेल आणि रोज २० हजार घनमीटर पाणी येत असेल, तर रोज १०० टन गाळ, म्हणजे ऐंशीएक घनमीटर. सहा हजार चौरस मीटरचं तीन मीटर खोल तळंही अशा चार महिन्यांत अर्ध्याहून जास्त भरतं. शिवाय पाणी येण्याचं आणि जाण्याचं तोंड एकाच बाजूला असलं तर पाणी कडेने सरळ निघून जातं आणि बाकीचं तळं नुसतं शोभेला राहतं.

दोन मायक्रॉनची चिकणमाती मात्र पंचवीस पट हळू बसते, दिवसाला जेमतेम ३१ सेंटिमीटर. ती नुसत्या तळ्याने थांबत नाही. तुरटी किंवा पॉलिमर घालावं लागतं, तेही बरणीत वेगवेगळ्या मात्रा तपासून. तुरटी जास्त झाली की पीएच उतरतो.

यातून घरच्या घरी करता येणारी एक परीक्षा निघते. नाल्याचं गढूळ पाणी फूटभर उंच पारदर्शक बाटलीत भरा, हलवून सपाट जागी ठेवा. तासा-दीड तासात ते बरंचसं निवळलं, तर तो गाळ नीट चालणाऱ्या तळ्यात बसायला हवा होता. म्हणजे पाणी तळ्याला वळसा घालून आलं किंवा तळं भरलेलं आहे. रात्रभर ठेवूनही गढूळच राहिलं, तर चिकणमाती आहे आणि प्रक्रियेचीच कमतरता आहे. तक्रारीत यातलं काय ते लिहा आणि बाटलीची दोन्ही वेळची छायाचित्रं जोडा.

कायदेशीर कारवाईसाठी नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, कलम २१ च्या पद्धतीने, दोन भाग करून सीलबंद घ्यावा लागतो. तुमचा नमुना त्याची जागा घेत नाही, पण अधिकाऱ्याला पावसाच्या दिवशी यायला भाग पाडतो. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, तेल-ग्रीससाठी काचेची बाटली वेगळी (ती मात्र विसळायची नाही), बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. एक नमुना सोडण्याच्या जागी, एक तिच्या वर आणि एक खाली. वरचा नमुना नसला की ‘पाणी आधीच गढूळ होतं’ हे उत्तर तयार असतं.

प्रश्न: अहवालात नायट्रेट ९ लिहिलंय आणि मर्यादा १०. पाणीपुरवठ्याच्या तक्त्यात मर्यादा ४५. दोन मर्यादा कशा? (वाचक, उमरेड)

एकक वेगळं आहे. खाणीच्या मर्यादेतले १० मिलिग्रॅम ‘नायट्रेटमधला नायट्रोजन’ म्हणून मोजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातले ४५ हे संपूर्ण नायट्रेट म्हणून. पहिल्याला ४.४३ ने गुणलं की दुसरा आकडा येतो, म्हणजे दोन्ही मर्यादा जवळपास एकच. तुमचे ९ जर नायट्रोजन असतील तर ते ४० नायट्रेट झाले, काठावरचे. ९ जर नायट्रेटच असतील तर ते फक्त २ नायट्रोजन. अहवालात एकक स्पष्ट नसेल तर प्रयोगशाळेकडून लेखी घ्या. खाणीत नायट्रेट येतं ते मुख्यतः ब्लास्टिंगमधून: स्फोटकाच्या मिश्रणात साधारण ९४ टक्के अमोनियम नायट्रेट आणि ६ टक्के डिझेल असतं, आणि ओल्या छिद्रात भरलं की बरंच न जळता विरघळतं. गोठे आणि खतंही कारण असू शकतात, म्हणून संपमधलं पाणीही तपासा.

प्रश्न: खाणीचं उपसलेलं पाणी कपाशीला, गव्हाला फुकट मिळतंय. पीएच साडेसात आहे, म्हणजे चांगलंच ना? (वाचक, वणी तालुका)

पीएच चांगला असणं पुरेसं नाही. आपल्या गोंडवन कोळशात गंधक बहुधा एक टक्क्याहून कमी असतं, त्यामुळे ईशान्येकडच्या खाणींसारखं तीव्र आम्लपाणी इथे सहसा होत नाही. थोडं आम्ल तयार झालं तरी खडकातला चुना ते मारतो. पण त्या झटापटीत सल्फेट आणि कठीणपणा पाण्यात उतरतात, आणि पीएच साळसूदपणे सातच्या वर राहतो. म्हणून विद्युतवाहकता, सल्फेट, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट तपासून घ्या. वाहकता २२५० मायक्रोसीमेन्सच्या वर किंवा उर्वरित सोडियम कार्बोनेट लिटरमागे २.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर असेल, तर काळ्या जमिनीत ते पाणी सतत देऊ नका. काळ्या मातीचा निचरा मुळातच मंद. सोडियम साठला की ती चिवट होते, वाळल्यावर दगड होते. पिण्यासाठी म्हणाल तर सल्फेटची स्वीकार्य मर्यादा २०० आणि पर्यायच नसेल तर ४०० मिलिग्रॅम, एकूण विरघळलेल्या क्षारांची ५०० आणि २००० आहे.

प्रश्न: आमच्या तालुक्यात खाणी एकमेकींना लागून आहेत. प्रत्येकीचा अहवाल म्हणतो, परिणाम किरकोळ. सगळ्यांचा मिळून परिणाम कोण मोजतं? (वाचक, यवतमाळ जिल्हा)

या व्यवस्थेतली खरी फट हीच आहे. अहवाल मान्यताप्राप्त सल्लागार संस्था करते, पण तिला पैसे त्या एका खाणीची कंपनी देते आणि अभ्यासाचं केंद्रही तीच खाण असते. अमेरिकेच्या १९७७ च्या खाणकाम कायद्यात हे काम परवाना देणाऱ्या यंत्रणेवरच टाकलं आहे. परिसरातल्या सर्व अपेक्षित खाणकामाचा पाण्यावर मिळून काय परिणाम होईल, हे यंत्रणेनेच तपासायचं, आणि परवान्याच्या हद्दीबाहेर पाण्याच्या संतुलनाची मोठी हानी टळेल असा आराखडा असल्याखेरीज परवाना द्यायचा नाही. आपल्याकडे एकत्रित परिणामाचा उल्लेख अहवालात असतो, पण तो पानभरात आटोपतो.

तोवर तक्ता तुम्हीच करा. प्रत्येक खाणीचा अहवाल ‘परिवेश’वरून उतरवा आणि चार रकाने भरा: खड्ड्याची अंतिम खोली, रोजचा उपसा, प्रभावाचं अंतर, पाणी सोडण्याची जागा. दोन खड्ड्यांच्या कडांमध्ये ८०० मीटर अंतर असेल आणि प्रत्येकाचं प्रभावाचं अंतर ५०० मीटर लिहिलं असेल, तर मधला पट्टा दोन्हींत येतो. तिथे घटी जवळपास बेरजेने वाढतात. एकीची दोन मीटर आणि दुसरीची तीन, तर विहीर पाच मीटर उतरते. दोन्ही अहवाल आपापल्या जागी बरोबर, आणि विहीर कोरडी. पाणी सोडण्याच्या रकान्यात एकच नाला तीनदा आला, तर त्या नाल्याची क्षमता कोणी तपासली हाही प्रश्न उभा राहतो. हा तक्ता सुनावणीत लेखी द्या आणि पर्यावरण मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ मूल्यांकन समितीलाही पाठवा.

प्रश्न: खाणीसाठी नाला वळवून सरळ कालवा काढणार आहेत. पूर आमच्याकडे येईल का? (वाचक, पैनगंगाकाठचं गाव)

तीन कागद मागा: जलसंपदा विभागाची परवानगी, निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा, आणि वळणाच्या वरच्या बाजूला पाण्याची फुगवटा पातळी किती वाढेल याची गणनपत्रिका. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

नागमोडी तीन किलोमीटरचा नाला दोन किलोमीटरचा सरळ केला आणि उतरण तीच सहा मीटर राहिली, तर किलोमीटरमागचा उतार दोनवरून तीन मीटर होतो आणि वेग सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. काठ भरावाच्या सुट्या मातीचा असला तर तो खरवडला जातो आणि जिथे कालवा जुन्या पात्राला मिळतो तिथे गाळ साचून पाणी मागे फुगतं. नुकसान बहुतेक वेळा याच सांध्यावर होतं. खाण स्वतःला वाचवायला बांध घालते. तेवढं पाणी समोरच्या काठावर चढतं. समोर तुमचं गाव असेल तर दोन्ही काठांचे आडवे छेद, पातळीच्या आकड्यांसह, मागा. खाणीचं तोंड ज्ञात सर्वोच्च पूरपातळीच्या निदान दीड मीटर वर हवं, आणि नदी-तलावाखाली किंवा काठापासून १५ मीटरच्या आत खोदायला खाण सुरक्षा महासंचालनालयाची परवानगी लागते. हे नियम आतल्या कामगारांसाठी आहेत. गावाच्या बाजूला किती पाणी येईल याचं उत्तर त्यांत नाही, ते गणनपत्रिकेतच आहे.

प्रश्न: खाण बंद होऊन खड्ड्यात तळं झालंय. गुरं पितात, पोरं पोहतात. आता जबाबदार कोण? (वाचक, चंद्रपूर जिल्हा)

अंतिम बंदीचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत कंपनीच. २००९ पासून कोळसा खाणींना बंद करण्याच्या खर्चासाठी एस्क्रो खात्यात (काम होईपर्यंत रक्कम राखून ठेवणाऱ्या खात्यात) पैसे भरावे लागतात. त्या वेळचा दर खुल्या खाणीला हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीला १ लाख रुपये होता, पुढे वाढवला गेला. झालेल्या कामाच्या पडताळणीनंतर कोळसा नियंत्रकामार्फत टप्प्याटप्प्याने रक्कम परत मिळते. म्हणून माहिती अधिकारात विचारायचं ते एवढंच: खात्यात किती, किती परत दिले, आणि कोणत्या कामासाठी. कुंपणाचे पैसे काढले असतील आणि कुंपण नसेल, तर वाद तिथेच मिटतो.

पाण्याबद्दल एक सावधगिरी. पंप बंद झाले की भूजल हळूहळू वर येतं आणि आटलेल्या विहिरींना पुन्हा पाणी लागतं. गावाला आनंद होतो, पण ते पाणी इतकी वर्षं हवेला उघड्या राहिलेल्या खडकातून वर चढलेलं असतं आणि साठलेले क्षार घेऊन येतं. त्यामुळे पहिल्या काही वर्षांत सल्फेट आणि कठीणपणा वाढू शकतो. विहिरीला पाणी परत आल्यावर पिण्याआधी तपासणी करा आणि पुढे वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये. तळ्यात वीज केंद्राची राख भरत असतील तर बोरॉन, आर्सेनिक, सेलेनियम यांचीही तपासणी सांगा. धातूंसाठीची बाटली वेगळी घेऊन तिच्यात प्रयोगशाळेने दिलेलं नायट्रिक आम्ल घालावं लागतं. तळ्याचा नमुना कडेवरून वरवर घेऊ नका. वरचं पाणी पावसाचं आणि गोडं असतं, खालचं जड आणि खारं. वरून आणि खोलवरून असे दोन नमुने घ्या. पोरांना मात्र आजच थांबवा: खड्ड्याच्या कडा पाण्याखाली सरळ तुटलेल्या असतात, उथळ असा भागच नसतो.